गल्लीतला वारा कसा ओळखायचा: पुनर्विकासाच्या प्लॅनवर सही करण्याआधी

सोसायटीचा पुनर्विकास निघाला की सभेतले प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती वाढवून मिळणार, भाडं किती देणार, पार्किंग एक की दोन. वारा कुठून येणार, हे सहसा कोणी विचारत नाही. मी आर्किटेक्ट आहे आणि दादर, माटुंगा, गिरगाव या भागांतल्या लहान सोसायट्यांना बिल्डरचे प्लॅन तपासून देते. त्या प्लॅनमध्ये बेडरूम दिसते, बाथरूम दिसतं, लिफ्ट दिसते. शेजारची इमारत मात्र दिसत नाही. प्लॉटच्या हद्दीची रेघ संपली की पुढे कोरा कागद. तुमच्या घरात येणारा वारा नेमका त्या कोऱ्या कागदावरून यायचा असतो.

म्हणून ही सगळी पद्धत लिहून ठेवते आहे. तिच्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही. एक लांब काठी, हातभर लोकरीचा धागा, अगरबत्ती, मोबाइलमधलं होकायंत्र, मोजायची टेप आणि मुलांची साबणाच्या बुडबुड्यांची डबी एवढं सामान पुरतं. नवीन फ्लॅट घेताना हेच करा, भाड्याचं घर बघताना हेच करा. पण पुनर्विकासात तर कराच, कारण एकदा प्लॅन पास झाला की पुढची साठ-सत्तर वर्षं त्या भिंती हलत नाहीत.

आधी गच्चीवर जा

गल्लीत उभं राहून वाऱ्याची खरी दिशा कळत नाही. खालचा वारा हा वरच्या वाऱ्याने इमारतींवर आपटून, वळून, खाली उतरून तयार केलेला असतो. कित्येकदा तो वरच्या वाऱ्याच्या बरोबर उलट्या दिशेने वाहतो. म्हणून सुरुवात गच्चीवरून करायची.

काठीच्या टोकाला धागा बांधा आणि काठी डोक्याच्या बरीच वर धरा. कठड्याजवळ उभं राहू नका, तिथे भिंतीवरून उसळलेला वारा लागतो; पाण्याच्या टाकीच्या आडोशालाही नको. धागा पूर्वेकडे उडाला तर वारा पश्चिमेचा. आजूबाजूला उंच देवळाचा ध्वज दिसत असेल तर तोही बघून ठेवा. ढग बघू नका, ते फार वर असतात आणि तिथला वारा वेगळा असू शकतो.

हे दिवसातून तीनदा करायचं: सकाळी सातच्या आसपास, दुपारी तीन-चारला आणि रात्री झोपण्याआधी. मुंबईत पावसाळा सोडला तर दुपारी खारे वारे पश्चिम-वायव्येकडून येतात आणि चांगला जोर धरतात. उत्तररात्री ते पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून, अगदी संथ वाहतात. डिसेंबर-जानेवारीत खारे वारे उशिरा सुरू होतात, सकाळी हवा निपचित पडलेली असते आणि वर गरम हवेचा थर असल्यामुळे धूर खालीच साचतो. पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येचा जोरदार वारा. म्हणजे एकाच खिडकीला वर्षातून निदान तीन वेगळे वारे भेटतात. बिल्डरच्या माणसाने ‘वेस्ट ओपन आहे, वारा भरपूर’ म्हटलं की विचारायचं: कोणत्या महिन्यातला आणि किती वाजताचा?

वेग मोजायला यंत्र नको. ब्यूफोर्ट मापनात डोळ्यांनी ओळखायच्या खुणा दिलेल्या आहेत. चेहऱ्याला वारा जाणवला आणि पानं सळसळली की वेग सेकंदाला साधारण दोन-तीन मीटर. बारीक फांद्या सतत हलायला लागल्या आणि हलका झेंडा ताणून फडकला की साडेतीन ते साडेपाच. धूळ आणि कागद उडू लागले की साडेपाच ते आठ. छत्री सांभाळणं मुश्किल झालं की अकरा ते चौदा. हे चार टप्पे पाठ करून ठेवा, पुढे कामाला येतील.

मग गल्ली मोजा

दोन आकडे हवेत: इमारतींची उंची आणि समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर. उंचीसाठी मजले मोजा आणि तीनने गुणा. निवासी इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा असतो. अंतर मात्र रस्त्याचं नव्हे, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं घ्यायचं, म्हणजे फुटपाथ आणि दोन्ही बाजूंचं कंपाउंड धरून. टेप पुरली नाही तर पावलं टाका; तुमचं एक पाऊल किती सेंटिमीटरचं, ते घरातल्या पॅसेजमध्ये आधी मोजून घ्या.

आता उंचीला अंतराने भागा. कॅनडाचे हवामानशास्त्रज्ञ टिमोथी ओक यांनी १९८८ साली या गुणोत्तरावरून रस्त्यांचे प्रकार मांडले, आणि नगररचनेत आजही तेच वापरतात. वारा गल्लीला आडवा येत असेल तेव्हाचं हे गणित आहे. उत्तर साधारण ०.३ पेक्षा कमी आलं तर इमारती एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की पहिलीवरून उतरलेला वारा जमिनीला टेकतो आणि मग दुसरीला भेटतो. ०.३ ते ०.७ च्या दरम्यान पहिलीच्या मागचा खळबळता वारा दुसरीपर्यंत पोचतो. ०.७ च्या वर गेलं की मुख्य वारा छपरांवरून सरकत पुढे निघून जातो, गल्लीत शिरत नाही.

आता आपल्याकडचा हिशोब करा. तळमजला अधिक चार, म्हणजे पंधरा मीटर. भिंतींमधलं अंतर बारा मीटर. उत्तर १.२५. म्हणजे जुन्या दादरच्या गल्ल्याही ०.७ च्या कधीच वर होत्या. तरी तिथे वारा लागायचा, कारण इमारतींची रांग सलग नव्हती. दर दोन इमारतींमध्ये बोळ होता, कोणी दुमजली, कोणी चारमजली, मध्येच एखादा बंगला. वारा वरून नाही आला तर बाजूने यायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुनर्विकासात उंचीवर सगळे भांडतात आणि बाजूच्या फटी गुपचूप बुजवल्या जातात.

वाऱ्याला आडवी असलेली गल्ली

इथे जरा थांबते, कारण मुंबईतले बरेच मोठे रस्ते दक्षिणोत्तर आहेत आणि समुद्राचा वारा त्यांना आडवा येतो. दादर पश्चिमेला गोखले रोड असा आहे. रानडे रोड त्याउलट स्टेशनपासून समुद्राच्या दिशेने जातो. दुपारी चार वाजता एकदा दोन्हींवरून चालून बघा. रानडे रोडवर कपाळाला वारा लागेल. गोखले रोडवर वळलात की तो गेल्यासारखा वाटेल. तो गेलेला नसतो, उभ्याने फिरायला लागलेला असतो.

पश्चिमेचा वारा पश्चिमेकडच्या रांगेच्या छपरांवरून रस्ता ओलांडतो आणि पूर्वेकडच्या रांगेच्या वरच्या मजल्यांवर आपटतो. त्यातला काही भाग भिंतीवरून खाली उतरतो, रस्त्यावर पोचतो, तिथून उलटा फिरून पश्चिमेकडच्या रांगेच्या पायथ्याशी जातो आणि त्या भिंतीवरून वर चढतो. रस्त्याच्या लांबीला समांतर, आडव्या पडलेल्या लाटण्यासारखा एक भोवरा अख्ख्या गल्लीत गरगरत राहतो.

याचा धुराशी थेट संबंध आहे. बस, टेम्पो, रिक्षा रस्त्याच्या मध्यावर जो धूर सोडतात तो हा भोवरा लोटत लोटत पश्चिमेकडच्या फुटपाथवर नेतो आणि तिकडच्या भिंतीवरून वर चढवतो. पूर्वेकडच्या फुटपाथवर छपरावरून उतरलेली, तुलनेने स्वच्छ हवा येते. म्हणजे ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूच्या इमारतींच्या रस्त्याकडच्या खिडक्यांना धूर जास्त. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. माझी मावशी अशाच एका रस्त्यावर पश्चिमेच्या रांगेत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या रस्त्याकडच्या खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर काळा, तेलकट थर बोटाला चिकटतो, साध्या फडक्याने निघत नाही, साबण लागतो. समोरच्या रांगेत तिची मैत्रीण त्याच मजल्यावर आहे. तिच्या चौकटीवर धूळ असते, पण ती करडी, कोरडी, फुंकरीने उडणारी. रस्ता एक, रहदारी एक, मजलाही एक.

हे तुमच्या गल्लीत तपासायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून साबणाचे बुडबुडे सोडा. खालून कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. एका बाजूचे बुडबुडे भिंतीलगत खाली उतरतील आणि समोरच्या गॅलरीतून सोडलेले वर चढतील. तसं झालं की भोवरा सापडला. तेवढी सोय नसेल तर फुटपाथवरची सुकी पानं बघा: झाडणाऱ्यांनी कचरा काढल्यानंतर तासाभरात पानं ज्या कडेला गोळा होतात, ती भोवऱ्याने लोटलेली बाजू. रात्री वारा फिरला की भोवराही उलटा फिरतो आणि धुराची बाजू बदलते. म्हणून दम्याच्या पेशंटने कोणत्या वेळी कोणती खिडकी उघडायची, याचं एकच एक उत्तर नसतं, वेळापत्रक असतं. ते एकदा करून फ्रिजवर लावा.

गल्ली फारच खोल झाली, म्हणजे उंची रुंदीच्या दुपटीच्या पुढे गेली, की हा एक भोवरा तळापर्यंत पोचत नाही. वर एक फिरतो, त्याच्या खाली दुसरा, उलटा आणि फार अशक्त. खालच्या दोन-चार मजल्यांची हवा मग तिथल्या तिथे घुटमळते. बारा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले सलग उभे राहिले तर गुणोत्तर पाचच्या घरात जातं. तिथे खालच्या मजल्यावर दुकानदार, वॉचमन, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं असतात. वरच्या मजल्यांचे दर वाढतात ते दृश्यासाठी. खालच्यांचं काय होतं ते ब्रोशरमध्ये नसतं.

वारा वाटेने येतो तेव्हा

गल्ली वाऱ्याच्या दिशेतच असेल तर तो सरळ आत शिरतो आणि पार टोकापर्यंत धूर झाडून नेतो. तिरका आला तर मळसूत्री फिरत पुढे सरकतो; हेही चालतं, कारण हवा निदान पुढे जाते.

मुंबईत ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली गेली होती. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्तीत समुद्राची हवा जावी म्हणून ट्रस्टने पश्चिमेच्या किनाऱ्याकडून पूर्वेला रुंद रस्ते पाडले: प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, ज्याच्या पश्चिमेकडच्या भागाला आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. प्लेग हवेने पसरतो हा त्या काळचा समज चुकीचा ठरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. हे रस्ते काढताना कितीतरी गरिबांची घरं पाडली गेली, तेही विसरता येत नाही. पण रस्त्याची दिशा वाऱ्याच्या दिशेवरून ठरवायची, ही त्या इंजिनीअरांची समज पक्की होती. त्याच ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियमही होता: समोरच्या मोकळ्या जागेच्या टोकापासून इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर तिचा जमिनीशी कोन त्याहून जास्त नसावा. सोप्या भाषेत, मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच बांधायचं नाही. दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांत आज जो मोकळेपणा वाटतो, त्याच्यामागे असे नियम आहेत.

तेव्हा तुमच्या प्लॅनवर उत्तर दिशेचा बाण शोधा, गच्चीवर टिपलेली वाऱ्याची दिशा लाल पेनाने त्यावर काढा आणि बघा: तुमची गल्ली त्या बाणाच्या वाटेत आहे की आडवी? नवी इमारत त्या वाटेचं तोंड बंद करते आहे का? समुद्राच्या टोकाला एकच सलग पोडियम, म्हणजे टॉवरखालचा पार्किंगचा ठोकळा, उभा राहिला तरी मागची अख्खी गल्ली कोंदते.

उंच इमारतीचा पायथा

‘टॉवर आला, वारा गेला’ हे सरसकट खरं नाही. बुटक्या इमारतींमध्ये एकटा टॉवर असेल तर तो वरचा जोरदार वारा अडवून खाली आणतो. त्याच्या तोंडावर साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश उंचीवर वारा दुभंगतो. वरचा छपरावरून जातो, खालचा भिंतीवरून जमिनीवर कोसळतो आणि दोन्ही कोपऱ्यांवरून वेगाने बाहेर पडतो. म्हणजे मागच्या गल्लीत हवा खेळती राहू शकते, पण कोपऱ्यावरून चालणाऱ्या माणसाला फटका बसतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. इमारत खांबांवर उभी असेल आणि खालून आरपार जागा असेल तर समोरचा दाब आणि मागची पोकळी यांच्यामध्ये तो बोगदा होतो. स्टिल्टमधून जाताना जून-जुलैत छत्री उलटी होते ती याच कारणाने.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाच्या ३२ मजली इमारतीच्या पायथ्याशी २०११ साली वाऱ्याने ट्रक उलटला आणि पायी जाणाऱ्या माणसाचा जीव गेला. नंतर तिथे वारा फोडणारे मोठे पडदे बसवावे लागले. लंडनमध्ये ‘वॉकी-टॉकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टॉवरखाली वाऱ्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१९ साली तिथल्या सिटी ऑफ लंडन प्रशासनाने उंच इमारतींसाठी वाऱ्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ब्रिस्टल विद्यापीठातले टॉम लॉसन यांनी ठरवलेल्या मर्यादा त्यासाठी वापरतात: निवांत बसायच्या जागी वारा सेकंदाला चार मीटरच्या आत, उभं राहायच्या जागी सहाच्या आत, रमतगमत चालायला आठच्या आत. पंधरा मीटरला म्हातारं माणूस पडू शकतं.

आपल्याकडे इमारतीचा सांगाडा वाऱ्याला टिकेल का, हे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे तपासतात. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. मोठ्या टॉवरचं मॉडेल पवनबोगद्यात ठेवून चाचणीही करतात. पण ती इमारतीसाठी. खाली बाकावर बसणाऱ्या आजोबांच्या अंगावर किती वारा येईल, हे तुम्ही विचारलं तरच कोणी बघेल. विचारा. बाक, मुलांची घसरगुंडी आणि मुख्य दार इमारतीच्या नैर्ऋत्य किंवा वायव्य कोपऱ्यावर नको, हे सांगायला चाचणीचीही गरज नाही. दारावर रुंद छज्जा मागा. भिंतीवरून उतरणारा वारा त्यावर अडतो आणि जमिनीवर येण्याआधी बाजूला वळतो.

माझ्या मते वाऱ्याचा खरा शत्रू पोडियम आहे, टॉवर नाही. वर चार सडसडीत टॉवर आणि खाली पाच-सात मजल्यांचा पार्किंगचा सलग ठोकळा, प्लॉटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. माणूस राहतो आणि चालतो त्या उंचीवरची सगळी वाट हा ठोकळा बुजवतो. हाँगकाँगने हा धडा महाग शिकला. समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या सलग टॉवर-पोडियमच्या भिंतींमुळे मागच्या वस्त्या कोंदल्या. २००३ मध्ये सार्सची साथ आल्यावर हवेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी हवा खेळती राहण्याचं मूल्यमापन सुरू झालं. आपल्याला पोडियम टाळता येत नसेल तर निदान त्याच्या भिंती जाळीदार ठेवा, तो मध्ये तोडा, वाऱ्याच्या बाजूला त्याची उंची कमी घ्या. माटुंग्याच्या एका सोसायटीने रॅम्प पश्चिमेकडून उचलून उत्तरेला नेला आणि पार्किंगचे खालचे दोन मजले कठड्यापुरती भिंत ठेवून उघडे सोडले. एकही गाडी कमी झाली नाही. मागच्या चाळीच्या गॅलरीत आजही कपडे दुपारपर्यंत वाळतात.

बोळ आणि डक्ट

दोन इमारतींमधल्या तीन मीटरच्या फटीत वीस मीटर खाली उभं राहून वर बघा. आकाशाची पट्टी दिसते. अशा फटीत खिडकी असणं आणि नसणं जवळपास सारखंच, विशेषतः खालच्या मजल्यांवर. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये झोपडपट्टीतून आणलेल्या कुटुंबांना अशाच खेटून बांधलेल्या इमारती मिळाल्या. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचं प्रमाण आणि घरात न पोचणारा उजेड-वारा यांचा संबंध दाखवला; खालच्या मजल्यांवर त्रास जास्त. पक्कं घर देताना माणसाला श्वास घ्यायला हवा दिली नाही, याचा मला आजही राग येतो.

तुमच्या प्लॅनमध्ये डक्ट, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या, अरुंद पोकळ्या, कुठे आहेत ते बघा. बाथरूम, कधी स्वयंपाकघर त्यातच उघडतं. डक्ट तळाशी पोडियमच्या स्लॅबवर बंद होत असेल तर खालून हवा घ्यायला वाट नाही, आणि एक्झॉस्टने टाकलेली फोडणी तीन मजले वरच्या बाईच्या बाथरूममध्ये जाते. तळाला बाहेरच्या हवेत उघडणारं तोंड हवं. अशा डक्टमध्ये गॅस गिझरचा धूर कधीही सोडू नका. तो परत आत आला तर जिवावर बेततं.

सध्याच्या घरात तपासणी अशी करा: सगळे पंखे बंद, अगरबत्ती पेटवून डक्टच्या खिडकीपाशी धरा. धूर बाहेर ओढला गेला तर ठीक. जागच्या जागी सरळ वर चढला तर डक्ट मेलेला आहे. आत आला तर तो शेजाऱ्यांची हवा तुम्हाला देतो आहे.

खिडकी कशी मागायची

वाऱ्याला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. एकाच भिंतीला भलीमोठी काच असलेल्या खोलीत वारा दारापर्यंत येऊन थबकतो. वाऱ्याकडची खिडकी मध्यम आणि पलीकडची बाहेर जायची वाट तिच्यापेक्षा मोठी असेल तर खोलीत वेग चांगला मिळतो. नव्या फ्लॅटमध्ये पलीकडची वाट म्हणजे बहुतेक वेळा मुख्य दार. म्हणून जाळीचं सेफ्टी डोअर घ्या आणि लिफ्ट लॉबीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का ते प्लॅनवर बघा. लॉबी चारी बाजूंनी बंद असेल तर दार उघडून काही उपयोग नाही.

स्लायडिंग खिडकी कितीही रुंद असली तरी दोन पल्ल्यांची असेल तर निम्मीच उघडते. जुन्या लाकडी झडपा पूर्ण उघडायच्या. त्यांचा आणखी एक गुण होता: वारा भिंतीला समांतर वाहत असला तरी बाहेर उभी राहिलेली झडप त्याला अडवून आत वळवायची. आजही बाहेर उघडणारी खिडकी मागता येते. बिजागरी वाऱ्याच्या येण्याच्या बाजूला नाही, पलीकडच्या कडेला घ्या, म्हणजे पल्ला वाऱ्यासमोर उभा राहील. वर लहान व्हेंटिलेटर असेल तर पावसातही हवा चालू राहते. मच्छरांची जाळी वारा बराच कमी करते, तो हिशोब धरून खिडकी एक माप मोठी घ्या.

झाडांबद्दल विचारतात म्हणून सांगते. अरुंद, रहदारीच्या गल्लीत दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत मिसळून छत करत असतील तर त्याखाली धूर थोडा जास्त काळ अडकतो. हे कारण पुढे करून कोणी झाड तोडायला निघालं तर मध्ये उभ्या राहा. सावलीने रस्ता आणि भिंती तापत नाहीत, ही कमाई फार मोठी आहे. फांद्यांची रीतसर छाटणी करून घ्या आणि फुटपाथच्या कडेला कमरेएवढं दाट कुंपण लावा, ते चालणाऱ्याला गाडीच्या धुरापासून काहीसा आडोसा देतं.

सभेत काय मागायचं

पहिलं, आजूबाजूच्या सगळ्या इमारती, त्यांच्या उंचीसकट, एकाच नकाशावर काढून द्या. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास मंजूर असेल तर ती होणारी इमारतसुद्धा. आज पश्चिमेला बंगला आहे म्हणून वारा आहे. तीन वर्षांनी तिथे काय असेल ते आज कागदावर दिसलं पाहिजे.

दुसरं, ओपन स्पेसमध्ये सवलत मागितली आहे का? मागितली असेल तर कोणत्या बाजूला आणि किती मीटर? प्रीमियम भरून महापालिकेकडून कमी मोकळ्या जागेची परवानगी घेता येते, आणि ती यादी सभासदांना सहसा दाखवली जात नाही. वाऱ्याच्या बाजूची सवलत घेऊ नका, घ्यायचीच तर दुसऱ्या बाजूला घ्या, असं ठामपणे सांगता येतं.

तिसरं, प्रत्येक फ्लॅटसाठी वारा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची खिडकी प्लॅनवर बाणाने दाखवा. ज्या फ्लॅटला दोन बाण काढता येत नाहीत, त्याच्यावर पुन्हा काम करा. खालच्या मजल्यांचे फ्लॅट जुन्या सभासदांना आणि वरचे विक्रीला, अशी वाटणी असेल तर खालच्या मजल्यांचे बाण आधी तपासा.

उत्तरं तोंडी घेऊ नका. सभेच्या इतिवृत्तात नोंदवा, सुधारित नकाशावर तारीख आणि बिल्डरची सही घ्या, आणि तो नकाशा विकास कराराला जोडपत्र म्हणून लावा. करार नोंदणीला जाण्याआधी हे सगळं हातात हवं.